कुंपणाशी काढलेले बूट

पोर्टलीश या आयरिश गावात माझी ख्याती दोन गोष्टींसाठी आहे. शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा आपला समजून आत ओढून आणणारा माणूस, आणि स्मरणसभेहून मोज्यांवर घरी आलेला माणूस. पहिल्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. डबे सारखेच दिसतात.

दुसरं घडलं शेजारच्या आजींमुळे. ऐंशी ओलांडलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या, आमच्या लेकीचे आमच्यापेक्षा जास्त लाड करणाऱ्या. त्यांच्या लहानपणी आई वारली, वडिलांना एकट्याने झेपेना, आणि धाकट्या भावाला एका निवासी शाळेत नेलं. तो परत आला नाही. शाळेमागच्या कुरणात कुठेतरी पुरलंय, एवढंच घरच्यांना कळलं. अशी तिथे बरीच मुलं. आता गावातले लोक दरवर्षी जमतात आणि त्यांच्यासाठी कुंपणाला छोटे छोटे बूट बांधतात. आजीही जायच्या, बूट बांधायच्या आणि फाटकापासूनच परत फिरायच्या. आत पाऊल टाकणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

“या वर्षी आत जायचंच,” त्या मला म्हणाल्या. “पुढच्या वर्षी गुडघे काय म्हणतील, कुणी सांगावं.”

गाडी माझी, धीर त्यांचा, असं ठरलं.

पोचल्यावर ते लटकणारे बूट पाहून माझ्या मनात पहिल्यांदा आलं काय, तर ट्रकमागे दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तो जोडा. नशीब, तोंडातून काही निघालं नाही. पण पायांचं मी काय करणार? जिथे लोक हात जोडून उभे असतात आणि फाटकाशी पादत्राणं दिसतात, तिथे माझे पाय डोक्याला विचारत बसत नाहीत. मी गेल्याच आठवड्यात घेतलेले बूट काढून त्या चिमुकल्या जोड्यांखाली नीट लावले आणि ओल्या गवतातून आत चालू लागलो.

त्या कुरणाची निगा पाहण्यासारखी आहे. इथे गवत कापायला यंत्र आणत नाहीत. खाली कोण कुठे आहे माहीत नाही, म्हणून. पोस्टातल्या बाई, बस चालवणारे गृहस्थ, ज्यांचं इथे कुणीही नाही अशी माणसं शनिवारी गुडघ्यांवर बसून हातकात्रीने गवत कापतात. मायदेशातल्या माझ्या सोसायटीत कुंडीला पाणी घालायला मीटिंग लागायची.

मागे पाहिलं तर आजी फाटकातच. मी परत गेलो. तेवढ्यात नारिंगी शर्ट घातलेल्या एक शिक्षिका प्रत्येक बुटात फूल ठेवत आल्या. त्या कॅनडात शिकवून आलेल्या. तिथे आदिवासी मुलांना घरातून उचलून अशाच शाळांत घातलं आणि कितीतरी परतली नाहीत, त्यांच्यासाठी तो शर्ट. माझ्याही बुटांत त्यांनी दोन फुलं ठेवली होती. ते माझे आहेत, असं मी शक्य तितक्या हळू सांगितलं. बाई लाल झाल्या. मी आधीच होतो.

आजी मात्र बुटांकडे बघत होत्या.

“किती नंबरचे?”

“नऊ नंबर.”

“आमच्या वडिलांना नऊच लागायचे.” त्यांनी हातातले छोटे बूट वर धरून पाहिले. “त्यालाही लागले असते. मी आपली दरवर्षी बाळाचे आणते.”

त्यांनी ते छोटे बूट कुंपणाला बांधले आणि माझ्याकडे वळल्या. “हे देतोस?”

एक क्षण, खोटं कशाला बोलू, मला बुटांची किंमत आठवली. मग मी मान डोलावली.

आजींनी काठी माझ्या हातात दिली. दोन्ही बूट छातीशी धरले आणि फाटकातून आत गेल्या. एकदाही न थांबता. मागून मी, त्यांची काठी घेऊन, चिखलाच्या मोज्यांनी. कुरणाच्या मधोमध त्या वाकल्या, बूट गवतात ठेवले, फुलं सारखी केली. मग काहीतरी आठवल्यासारखं करून बुटांची तोंडं फाटकाकडे फिरवली.

गाडीत बसल्यावर त्यांनी हीटर माझ्या पायांकडे वळवला आणि भाऊ कसा होता ते पहिल्यांदाच सांगू लागल्या. हट्टी होता म्हणे. बूट अजिबात आवडायचे नाहीत. दारात शिरायच्या आधीच भिरकावून द्यायचा.

“तुझ्यासारखाच,” त्या म्हणाल्या.