अर्ध्या तासाचा रस्ता

तिला काहीही विचारा, ती आधी खाडीकडे बघायची. मग म्हणायची, "थांबा, पानी काय म्हनतं ते बघू."

बेलापूरजवळच्या खाडीकाठच्या गावात मी शाळामास्तर होतो. ती मिठागरात मीठ ओढायची. सगळं गाव तिला आत्या म्हणे.

मतदारयादीसाठी मी दारोदार फिरलो, तेव्हा बाकीच्या बायकांनी "लिवा, अमक्याची बायको," म्हणून दार लोटलं. हिने स्वतःचं नाव सांगितलं, वर मलाच दटावलं, "नवऱ्याचं कशाला? मत माजं हाय ना?" पहिल्या निवडणुकीत माझ्या शाळेत पहिलं मत तिचं. भाकरी थापतानाही ती शाईचं बोट वर ठेवते, असं गावात म्हणत.

पुढच्या खेपेला केंद्र खाडीपलीकडे हलवायचं ठरलं. तालुक्याच्या साहेबांनी मला विचारलं, "पायी किती वेळ लागतो?" मी घाटावरचा माणूस. एका सकाळी धोतर खोचून पलीकडे चालून गेलो, घड्याळ बघितलं आणि ऐटीत लिहून दिलं : अर्धा तास. तेव्हा ओहोटी होती, हे माझ्या गावीही नव्हतं. तुम्ही म्हणाल, खाडीकाठच्या मास्तराला एवढंही कळू नये? आमची ही तर अजून म्हणते, "तुम्हाला बादलीतलं पाणी कळत नाही!"

मतदानाच्या दिवशी मुकादमाने बायकांना दुपारपर्यंत सोडलं नाही. सुटल्या तेव्हा खाडी भरलेली. गावातली होडी मिठाच्या गोण्या घेऊन गेलेली. बाकीच्या घरी परतल्या. आत्या काठावर बसून राहिली, पाणी छातीशी उतरेपर्यंत.

पलीकडे केंद्रावर कारकून मीच. पाच वाजून वीस मिनिटांनी ती चिखलाने माखून दारात उभी राहिली. पेटीला लाख लागत होती.

"आत्या, वेळ संपली."

"मास्तर, तुमचं पाच वाजलं. पान्याचं कुटं वाजलं?"

अर्धा तास कुणी लिहिला, ते मी तिला तिथेच सांगून टाकलं. ती हसली. "मंग मला इचारायचं होतं ना! मी काय लांब हाय?"

मी साहेबांना चूक लेखी कळवली. पुढच्या निवडणुकीला केंद्र माझ्या शाळेत परत आलं. तोवर ती राहिली नव्हती.

मला दिसते ती त्या संध्याकाळची, पाठमोरी, कमरेएवढ्या पाण्यात. मत देताना नावाची चिठ्ठी तिथेच द्यावी लागे. तिची तिच्याजवळच राहिली होती. चिठ्ठी भिजू नये म्हणून एक हात डोक्यावर उंच धरून ती घरी चालली होती.