कपाटांना लव फुटली

"गायकवाड, जरा हात लावून बघा," लॉकरच्या कारखान्यात रंगखातं सांभाळणाऱ्या कांबळे मॅडम म्हणाल्या.

मी लावला आणि दचकून मागे घेतला. लोखंडी लॉकरच्या नव्याकोऱ्या निळ्या रंगावर पांढरी लव उगवली होती. सकाळी रंगवलेल्या बाराच्या बारा लॉकरवर!

"मऊ आहे ना? माल चांगला आहे तुमचा."

माल माझाच होता. मोरिवलीच्या आमच्या कारखान्यात वॅडिंग बनतं, म्हणजे पॉलिस्टरच्या तंतूंचा कापसासारखा जाड थर. रजईत तेच, जॅकेटमध्ये तेच, सोफ्यात तेच. रंगकामाच्या बूथमध्ये छतातून येणारी हवा गाळायलाही तेच. फक्त फिल्टरच्या वॅडिंगवर रेझिन मारून तंतू घट्ट बांधतात. रजईचं मोकळं ठेवतात, फुगायला हवं ना!

त्या आठवड्यात फिल्टरचा रोल संपला होता. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून मी रजईचा दिला. वर अक्कल पाजळली, "मॅडम, डबल लावा. डबल गाळेल." वीस वर्षं सेल्समध्ये काढलेला माणूस मी! ब्लोअर सुरू झाला आणि तंतू सुटून थेट ओल्या रंगावर.

"हे उद्या सकाळी बेलवलीच्या शाळेत पोचले नाहीत," मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या, "तर पेंटिंग बाहेर देणार, असं मालक बोललेत. माझी सहा माणसं घरी बसतील. सातवी मी."

मी आमच्या सिंधी शेठना फोन लावला.

"साईं, तू छत में रजई लटकाई?" शेठ किंचाळले. "आता तिथेच थांब. घासून दे!"

विठ्ठलवाडीच्या एका एसीवाल्याच्या हातापाया पडून फिल्टरचा रोल मिळवला, रिक्षात मांडीवर घेऊन आलो. मग पॉलिश पेपर घेऊन पेंटरांच्या रांगेत बसलो.

"साहेब, दाढी कोरडीच करायची का साबण लावून?" शेजारचा पेंटर म्हणाला. मी पुढचं दार घासायला घेतलं.

संध्याकाळपर्यंत दुसरा हात मारून झाला. मॅडमनी एकेका दारावरून तळहात फिरवला, मग चलनावर सही केली. सकाळी टेम्पो वेळेत गेला. रंगखातं वाचलं. माझा पांढरा शर्ट मात्र निळा झाला.

हल्ली ऑर्डर आली की वजन, रुंदी नंतर. आधी विचारतो, "याच्यातून वारा जाणार आहे का?" रजईवाले फोनवर हसतात. हसू देत.