सुपातली अक्षरं

मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवून तुम्हाला काय मिळालं, असं जव्हारातले तरुण मास्तर मला विचारतात. मी "समाधान" म्हणतो आणि विषय बदलतो. समाधान मिळालं हे खोटं नाही. जामसरजवळच्या एका पाड्यावरचा एक बाप्या, नांगर धरून हात राठ झालेला, जंगलनाक्यावर आपला पास पहिल्यांदा स्वतः वाचून शिपायाला म्हणाला होता, "यात बांबू लिवलाय, साग नाय. मग साग कुठं म्हणून मला कशाला दटावतोस?" शिपायानं नाका उघडला. मला हे सांगताना तो इतका हसला की त्याला ठसका लागला. तसं हसू पगारात मिळत नाही.

पण त्या बाप्याला एक बहीण होती. तिच्याबद्दल मी आजवर कोणाशी बोललो नाही.

मी तेव्हा तिशीच्या आतला, त्या पाड्यावर जव्हार संस्थानच्या शाळेत एकटा मास्तर. सकाळी पोरं, आणि भात झोडून झालं की दुपारी खळ्यावर मोठी माणसं. पाटी त्यांना नको असायची. "पाटी पोरांची. आमी काय शेंबडी?" मग मला युक्ती सुचली. सुपात तांदूळ पसरायचे आणि बोटानं अक्षर ओढायचं. चुकलं की सूप हलवायचं, पुन्हा सगळं कोरं.

पहिल्या दिवशी मी सूप पुढे घेताच सगळे मागे सरकले. सुपात दाणे टाकून बघायचं काम भगताचं. कोणाच्या घरात कसली पीडा, कोणी करणी केली, हे भगत दाण्यांत वाचतो. मला हे ठाऊक होतं. नव्हतं असं सोंग आता आणणार नाही. पाड्याचा म्हातारा कारभारी म्हणाला, "गुरजी, तू भगत कदी झालास?" मी डोळे मिटले, सूप घुमवलं, अंगात आल्यासारखा हुंकार काढला आणि म्हणालो, "दिसतंय, दिसतंय... 'क' दिसतोय!" खळ्यावर एकच हशा पिकला. माझा वर्ग त्या थट्टेनंच जमला.

बहीण विधवा. भावाच्या घराशेजारी तिची झोपडी. शिकायला आलेली बाई ती एकटीच. खळ्याच्या कडेला बसून भावाला चिडवायची, "दादा, तुझा 'ग' लंगडा झाला रं, त्याला काठी दे." बाकीचे बाराखडीत अडखळत होते तेव्हा ती जोडाक्षरांना भिडली होती. घरी तांदूळ पुरत नसत, म्हणून सुपात नागली, म्हणजे नाचणी, घेऊन दारात बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचं ते एवढंच: मांडीवर सूप, दाण्यांत बोट, ओठ हलताहेत. मी तिथून जाताना थांबायचो. अक्षर बघायला थांबतो, असं स्वतःला सांगायचो. ते अर्धंच खरं होतं.

त्या साली कारभाऱ्याची सून बाळंतपणात गेली. मग शेजारच्याचा बैल कड्यावरून पडला. "ती रोज सुपात कुनाला बघते?" असं कोणीतरी म्हणालं. पुरुष बघत होते तोवर थट्टा होती. एकटी बाई दाराशी बसून बघते म्हटल्यावर ती भुताळी झाली. भुताळी म्हणजे दुसऱ्याचा जीव खाणारी. तिला पाड्यावर ठेवत नाहीत.

भाऊ धापा टाकत शाळेत आला.

"गुरजी, उद्या तिच्या निवाड्याला पाडा बसणार. तू ये. सांग का ही निस्ती अक्षरं, तूच दिलीस. तुझं ऐकतील."

"येतो," मी म्हणालो.

"येशील ना?"

"येतो म्हटलं ना."

एका माणसानं उभं राहून "हे मी शिकवलं" एवढं म्हटलं असतं, तर ती आपल्या माणसांत राहिली असती. मी पहाटे उठलो आणि जव्हारची वाट धरली. मास्तर विधवेच्या दारात थांबतो, ही कुजबुज माझ्याही कानावर आली होती. तिची बाजू घेतली तर ती कुजबुज दरबारापर्यंत जाईल, नोकरी जाईल, ही भीती. ओळखीच्या घरी ताप आल्याचं सांगून पडून राहिलो. परतलो तेव्हा तिच्या झोपडीच्या कुडाच्या भिंतीसुद्धा उभ्या नव्हत्या. ती संस्थानची हद्द ओलांडून पोशेऱ्याकडे, इंग्रजी मुलखात, कोणा लांबच्या मावशीकडे गेली होती.

भावानं मला काही विचारलं नाही. दुपारी खळ्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "कंचा धडा?" त्या दिवसापासून सगळ्यांनी मुकाट्यानं पाट्या घेतल्या.

पुढे माझी बदली जव्हारला झाली. बाजारच्या दिवशी ती माणसं भेटतात, दुकानावरचं नाव मोठ्यानं वाचून दाखवतात, करांदे, काकड्या हातात ठेवतात. "गुरजी, तुझ्यामुळं." मी घेतो. भुतंखेतं मी मानत नाही. तरी कुठे धान्य पाखडू लागले की तो आवाज माझ्या मानेपाशी येऊन थांबतो. घरात मी पाखडू देत नाही. बायकोला वाटतं, मला कोंड्याचा त्रास होतो.

यंदा भाऊ बाजारात भेटला, पण त्यानं काही वाचून दाखवलं नाही. "ती मेली," म्हणाला. "तिकडंच." मग बराच वेळ गठुड्याची गाठ सोडत-बांधत राहिला. त्यांच्यात मेलेल्याची सागाची फळी कोरून पाड्याबाहेर वाडवडलांच्या फळ्यांच्या रांगेत उभी करतात. तोवर जीव भटकत राहतो. भुताळीची फळी कोणी उभी करू देत नाही.

"ती कुठं बसंल, गुरजी? ना तिकडची, ना इकडची."

"मी येतो," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मागंबी येतो म्हनला होतास."

इतक्या वर्षांत त्यावर तो बोलला ते एवढंच.

या वेळी गेलो. तिची फळी उभी करू द्यायची का, हे ठरवायला पाडा खळ्यावर बसला होता. कारभारी आता म्हाताऱ्याचा मुलगा. बाळंतपणात गेलेली त्याचीच बायको. तोही माझ्याकडेच शिकलेला. मी उभा राहून सगळं सांगितलं. सूप मी आणलं, भगताची नक्कल मी केली, तिनं दाण्यांत अक्षरांशिवाय काही पाहिलं नाही, आणि मी पळालो.

एक म्हातारी म्हणाली, "मंग तवा जीभ कुठं ठेवली होतीस रं?"

"भ्यालो होतो, आजी."

"तू भ्यालास! आन ती?"

कारभारी जमिनीकडे बघत होता. "तिचे कूड मी उपटले," तो म्हणाला. "ह्या हातानं." मग भावाकडे वळून, "जा, फळी घेऊन ये."

भावानं ती आधीच कोरून ठेवली होती. वर चंद्र-सूर्य, खाली बाई. भगतानं कोंबडं दिलं आणि फळी उभी राहिली. पण रांगेत नव्हे. रांग सोडून, पार करवंदीच्या जाळीकडे.

मी कारभाऱ्याला हळूच म्हणालो, "थोडी आत घ्या ना. जागा आहे."

"जागा हाय, गुरजी. पन रांगेच्या त्या टोकाला माझी बायको उभी हाय. ती भुताळीला भिऊन मेली. तू सांगितलंस ते मला पटलं." त्यानं त्या टोकाकडे पाहिलं. "तिला कोन सांगंल?"

भाऊ फळीच्या बुडाशी माती दाबत होता. मी त्याच्या शेजारी खाली बसलो आणि दाबू लागलो.