कच्च्या तेलाचं लोणचं

तर वहिनी, मला अजून बी पटलेलं न्हाई. कच्चं तेल कोणी लोणच्यात ओततं का?

तू असतीस तर म्हणली असतीस, "भाऊजी, तुम्ही खायाचं काम करा. पटायचं काम नका करू."

आज वर्ष झालं. भांडायला समोर कोणी न्हाई, म्हणून इथं लिहून राह्यलो.

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. माझी वहिनी पद्मा. माहेर गुंटूरकडचं, सासर आमचं धावडा. दादा मिरचीची गाडी घेऊन तिकडं जायचा. एका खेपेला गाडीत मिरची न्हाई, नवरी घेऊन आला.

तिच्या सामानात साड्या कमी आन् चिनी मातीची बरणी मोठी.

पहिल्याच उन्हाळ्यात तिनं कैरीचं लोणचं घातलं, तिकडच्या पद्धतीचं. दादानं अडकित्त्यानं कैऱ्या फोडल्या. प्रत्येक फोडीला कोयीचा तुकडा पाह्यजेच म्हणे, न्हाई तर फोड बरणीत लोळागोळा होते. मोहरी कच्चीच दळलेली. तिखट आमच्याच मिरचीचं. जाडं मीठ, अख्खा लसूण, थोडी मेथी.

आन् वरून तिळाचं तेल. तसंच, डब्यातून सरळ.

आई बघतच राह्यली. आमच्याकडं तेल तापवायचं, हिंगाची फोडणी करायची, पार गार होऊ द्यायची, मंग लोणच्यात.

"अगं बाई, बुरशी येईन की याला!"

"न्हाई येत, अत्तम्मा." तिकडं सासूला तसं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी वहिनी शेतात गेल्ती. आईनं तेल कडकडीत तापवलं, हिंग टाकला आन् धूर निघत होता तसंच बरणीत ओतलं. सून यायच्या आत उरकायचं होतं, म्हणून गार व्हायची वाट बी न्हाई पाह्यली.

वाईट मनानं न्हाई केलं. सुनेचं पहिलं लोणचं नासलं तर गावातल्या बाया हसतीन, एवढीच काळजी.

संध्याकाळी वहिनीनं झाकण उघडलं. तिखट काळं पडलेलं. मोहरीचा झणका बिलकुल गायब.

तेव्हा तिला मराठी मोजकंच यायचं. म्हणली, "अत्तम्मा, हे मेलं."

"लोणचं कुठं मरतं का?" आई.

तिथून दर उन्हाळ्याला घरात दोन बरण्या. पाहुणा जेवायला बसला की एकीकडून आई वाढायची, एकीकडून वहिनी. पाहुण्यानं कोणतं परत मागितलं, यावर दोघींचं ध्यान. मी दोन्ही खायचो आन् दोघींना एकेकटं गाठून सांगायचो, तुझंच भारी.

पण खरं सांगू? मला ती परात आठवते.

लोणचं कालवून झालं की परातीला मसाला लागून राहायचा. वहिनी त्यात गरम भात टाकायची, तूप सोडायची, कालवायची आन् एकेकाच्या हातावर लालभडक घास ठेवायची. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, तरी हात पुढं. आई तोंड वाकडं करायची. हात मात्र तिचा बी पुढंच.

मी आठवीत शाळा सोडली. कुठं टिकलो न्हाई. पुणं झालं, सुरत झाली, आता मोरबीला टाइल्सच्या कंपनीत हाय.

दुपारी भट्टीसमोर उभा राह्यलो की गरम हवेत समोरचं सगळं हलायला लागतं.

त्या हलण्यात आपलं अंगण दिसतं. खाटेवर धोतर, धोतरावर फोडी. तू एकेक फोड पुसून राह्यलीस. तिकडचं काहीतरी गुणगुणतीस. मी हाक मारतो. तू वर बघत न्हाईस.

फोडी संपतच न्हाईत.

मंग सुपरवायझर ओरडतो.

मागच्या वर्षी तू लोणचं कालवलंस आन् त्याच संध्याकाळी तापानं पडलीस. दुसऱ्या दिवशी जालन्याला दवाखान्यात नेताना रस्त्यातच गेलीस. मला अग्नीला पोचता आलं न्हाई. राखेला पोचलो.

राख सावडून घरी आलो, तो लोणच्याचा तिसरा दिवस. तुझा नेम होता, तिसऱ्या दिवशी बरणी उघडायची, खालवर करायचं, मीठ चाखायचं, वरून तेल घालायचं.

घरात सुतक. सुतकात आमच्याकडं लोणच्याला कोणी हात लावत न्हाई. आन् आई तर अशी, की एरवी ओल्या हाताचं माणूस बरणीजवळून बी जाऊ देत न्हाई.

तीच आई आंघोळ करून आली. हात कोरडे पुसले. तुझी बरणी पुढ्यात घेतली.

शेजारची काकू म्हणली, "बाई, काय करून राह्यली? सुतक हाय."

आई म्हणली, "आज हलवायचं असतं. न्हाई तर मरन ते."

तळापासून हलवलं. मीठ चाखलं. तेल घातलं.

कच्चंच.

तेच लोणचं वर्षभर पुरवलं. तुझ्या लेकीच्या, चिन्नीच्या डब्यात रोज एक फोड, बाकी कोणी मागायचं न्हाई. परवा तिनं बरणीत हात घातला तर नुसतं तेल. आज मला फोनवर म्हणली, "काका, मम्मीचं लोणचं संपलं. आता?"



आईनं फोन घेतला. "कैऱ्या आणल्यात. दादानं फोडून ठेवल्या. उद्या कालवते. तिळाचं तेल लागन."

मी म्हणलो, "घरात करडीचं हाय की. तुझ्यासारखी फोडणी दे."

आईनं मला मधेच तोडलं.

"फोडणीचं नाव काढू नको. या वर्षी एकच बरणी, पद्माची. परातीतला भात बी करीन. पोरीच्या हातावर घास कोण ठेवणार?"

जिंकलीस, वहिनी. मला पटलेलं न्हाई ते न्हाईच. पण जिथं असशील तिथं तुझ्या हातावर बी कोणी गरम घास ठेवो.

तुला तुझ्या भांडखोर दिराचा नमस्कार.

आन् आई, तेलाला उशीर नको. आत्ताच टाकले. चौदाशे रुपये.