ओठावरचे फोड आणि दारावरचा कडुलिंब

मी आयुष्यात कुणाला घाबरले नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुमचा गैरसमज व्हायचा.

तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. मी मुलींच्या शाळेत नुकतीच गणिताची बाई झाले होते आणि ओरत्तनाडूहून मंडळी मला बघायला येणार होती. मुलगा सरकारी कचेरीत, माणसं चांगली. मुलाच्या आईची अट एकच, लग्नानंतर शाळा बंद. अप्पांनी मला न विचारता होकार कळवूनही टाकला! मग मीही ठरवलं, कॉफी पुढे ठेवायची आणि सगळ्यांदेखत ठणकावून सांगायचं, शाळा सोडणार नाही. आरशासमोर उभी राहून वाक्य घोटून पाठ केलं.

आदल्या दिवशी सकाळी उठते तो काय, ओठाच्या कोपऱ्यात फोडांचा घोस! तोंड उघडलं की ओठ चिरायचा.

घरात कारणांना नुसता ऊत आला. आई म्हणाली, हा सूडु, अंगातली उष्णता. आणि उष्णतेवर उतारा म्हणून मणत्तक्काळीचा पाला शिजवून माझ्यापुढे ठेवला. अप्पांच्या मते विड्यात चुना जास्त झाला. (विडा त्यांनीच लावला होता, पण ते असो.) आत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, म्हणाली की मोठ्यांना उलट बोललं की असंच होतं. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, काही जणांना धसक्यानं असे फोड उठतात, आपोआप जातील.

"धसका? मला?" मी म्हटलं, आणि ओठ चिरला.

खरं सांगू? घरच्यांना दुःख कमी आणि समाधान जास्त होतं. पोरीचं तोंड परस्पर बंद झालं होतं ना! मी संतापानं धुमसत होते. त्यात अंगात कणकण. आत्यानं माझ्या कपाळाला हात लावला, फोड न्याहाळले आणि निघून गेली.

आमच्या गावात घरात देवी आली, म्हणजे अंगावर देवीचे फोड उठले, की दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधतात. मग परकं माणूस उंबरा ओलांडत नाही. दुसऱ्या दिवशी आत्यानं कुणाला न विचारता ते बांधले आणि शांतपणे जप करत बसली.

दुपारी पाहुण्यांचा जटका, म्हणजे घोडागाडी, दारात थांबला. मुलाच्या आईनं एक पाय खाली टाकला, दाराकडे पाहिलं आणि पाय परत आत घेतला. हात जोडून तिनं गाडीवानाला जटका वळवायला सांगितलं. अप्पा अंगवस्त्र सावरत "चुना आहे हो, चुना" म्हणत धावले. मागून आई सूडु, सूडु म्हणून सांगत होती. कारणं दोन निघाल्यावर पाहुण्यांचा संशय पक्काच झाला.

जटका कोपऱ्यापर्यंत पोचला होता आणि माझं पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं होतं! ते बोलल्याशिवाय मी पाहुण्यांना जाऊ देणार नव्हते. तोंडाला हळद-तूप थापलेलं, तशीच पदर खोचून जटक्यामागे पळत सुटले.

"देवी नाही, साधे फोड आहेत. आणि शाळा मी सोडणार नाही!"

ओठ दोन जागी चिरला. सगळी गल्ली ओट्यावर आली. जटका थांबला आणि मुलानं डोकं बाहेर काढलं.

"शाळा सोडायला सांगितलं कुणी?" त्यानं विचारलं.

"तुमच्या आईनं."

त्यानं आईकडे पाहिलं. आई घोड्याकडे पाहत राहिली.

"मुलगी गणित शिकवते म्हणून तर मी आलो," तो म्हणाला. "शाळा सोडू नका."

लग्न झालं. निवृत्त होईपर्यंत मी शिकवलं. आणि ते डॉक्टर साफ चुकले होते, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. लग्नाच्या आदल्या दिवशी फोड आले, ती उष्णता. शाळा तपासायला साहेब आले तेव्हा आले, तो चुना. उद्या आम्ही आमच्या मुलासाठी मुलगी बघायला जाणार आहोत. मुलगी वकील आहे आणि मला काहीतरी ठणकावून सांगणार आहे म्हणे. सांगू दे की, मी काय घाबरते!

सकाळपासून ओठाचा कोपरा हुळहुळतोय. कालच्या रसमात मिरी जास्त पडली असणार.