सातशे मीटरवर वर केलेला हात

पांढरकवड्यात माणसाने काही करून दाखवायच्या आधीच त्याचा सत्कार उरकून टाकायची घाई असते. न जाणो, पुढे त्याने काही केलंच नाही तर आणलेली शाल वाया जायची! वामनराव पांढरीपांड्यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

वामनराव सरकारी कचेरीत मोठे बाबू. वय सत्तेचाळीस. चार वर्षांपूर्वी कचेरीचा जिना चढताना मध्येच बसावं लागलं, तेव्हा खालच्या टपरीवरचे लोक हसले. ते हसणं यांच्या जिव्हारी लागलं. आधी चालणं, मग पळणं, मग हप्त्याने सायकल, असं करत करत गडी ट्रायथलॉनपर्यंत पोचला. एकोणीसशे मीटर पोहायचं, लगेच नव्वद किलोमीटर सायकल आणि वर एकवीस किलोमीटर पळायचं. हे ऐकून सासऱ्यांनी जावयाला कोणीतरी करणी केल्याची शंका बोलून दाखवली होती.

सायकलीचं अवघड नव्हतं. गावाजवळून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ट्रकवाले हॉर्न मारून मारून त्यांना ओळखायला लागले होते. पळणंही जमलं. अडचण पाण्याची होती. चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत वामनरावांचा आणि पाण्याचा संबंध बादलीपुरता. त्यांना पोहायला शिकवलं ते उत्तमसिंग राठोडने. गावापासून नऊ किलोमीटरवरच्या धरणाचा हा चौकीदार, जवळच्याच तांड्यावरचा, वामनरावांपेक्षा दहा वर्षांनी मोठा. पैसे घ्यायचा नाही. ‘साहेब’ म्हणायचा, आणि चुकलं की त्याच साहेबाला पाण्यात उभं करून झापायचा.

उत्तमसिंगची एक पद्धत होती. वामनराव पोहत, तेव्हा तो ट्रकच्या ट्यूबवर बसून हातांनी पाणी मारत त्यांच्या डाव्या अंगाला चालायचा. वामनरावांनी तीन वर्षांत ट्यूबला कधी हात लावला नाही. दर दुसऱ्या हाताला श्वास घ्यायला तोंड डावीकडे वळलं की उत्तमसिंगचा काळा पाय दिसायचा, एवढंच. एकोणीसशे मीटरला त्यांना पासष्ट मिनिटं लागत. स्पर्धेत सत्तर मिनिटांची मुभा होती. म्हणजे जमण्यासारखं होतं.

एकदा जमण्यासारखं झाल्यावर वामनरावांना बोलायचंही जमू लागलं. शरीर थकतच नसतं हो, मन थकतं, असं ते चहा पिता पिता कोणालाही सांगत. नापास झालेल्या पोरांच्या बापांना सांगत, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना सांगत. कचेरीत त्यांना पाहून लोक चहा अर्धा टाकून उठायला लागले, पण आदर वाढत होता. पत्नी सुहासिनीबाई गावातल्याच शाळेत शिक्षिका. त्यांनी एकदोनदा म्हटलं, आधी करून तर या. पण घरच्या माणसाचं कोण ऐकतं.

स्पर्धा पुण्याकडच्या एका तलावात होती. पहाटे टोपी, चष्मा घातलेला फोटो वामनरावांनी कचेरीच्या ग्रुपवर टाकला आणि पाण्यात उतरले.

सातशे मीटरपर्यंत काहीही बिघडलं नाही. हात चालत होते, श्वास लागत होता, पाणी संथ होतं. मग एकदा तोंड डावीकडे वळलं आणि त्यांच्या लक्षात आलं की तिकडे कोणी नाही. नुसतं पाणी. पुढच्या खेपेला पुन्हा पाहिलं. पुन्हा पाणी. आणि डोक्यात एक साधा विचार आला, अजून बाराशे मीटर हे असंच. त्यांनी पोहणं थांबवलं आणि हात वर केला.

बचाव होडी लगेच आली. होडीवाल्या पोराने विचारलं, गोळा आला का पायात? वामनराव म्हणाले, हो. पाय ठणठणीत होता. काठावर कोणीतरी त्यांच्या घोट्यावरची वेळ मोजायची पट्टी सोडून घेतली आणि प्यायला इलेक्ट्रॉलचं पाणी दिलं. त्यांच्यामागून साठीची एक बाई पाण्यातून बाहेर आली आणि सायकलकडे पळत गेली. तिच्याकडे त्यांना पाहवेना.

इकडे कचेरीतल्या रजतने सकाळचा फोटो पाहून, स्पर्धा पूर्ण झालीच असं धरून, परस्पर अभिनंदन टाकून दिलं होतं. त्याखाली दीडशे अंगठे आणि गुच्छ. वामनरावांनी फोन बंद केला. सुहासिनीबाईंना त्यांनी हॉटेलातून फोन करून सांगितलं ते गोळ्याचंच. त्या म्हणाल्या, चालतं, होतं असं, या घरी आणि लोकांना सांगून टाका.

ते सांगणारच होते. पण बस स्टँडवर उतरले तर ताशा! चौकात दहा फुटांचा फ्लेक्स, त्यावर वामनराव हात बांधून उभे, खाली ‘पांढरकवड्याचा लोहपुरुष’. शाल पडली, नारळ हातात आला, कोणीतरी पेढा कोंबला. तोंडात पेढा असताना माणूस काय सांगणार, अशी समजूत त्यांनी पुढे कितीतरी दिवस स्वतःची घातली. पेढा तर मिनिटभरात विरघळला होता.

मग खोट्याला पोसावं लागलं. मेडल कुठे म्हणून लोक विचारत, तर कुरिअरने येणार आहे. रस्त्याने जाताना पोरं सलाम ठोकत. फ्लेक्स दिसू नये म्हणून वामनराव कचेरीला मागच्या गल्लीतून जायला लागले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चौथ्या दिवशी ते धरणावर गेले, तेव्हा उत्तमसिंगने फक्त एवढंच विचारलं, पोहण्याला किती लागली? वामनरावांच्या तोंडून निघून गेलं, बावन्न मिनिटं.  उत्तमसिंगने हंसाबाईला, म्हणजे बायकोला, हाक मारून चहा सांगितला. वामनराव पुढेही रोज सकाळी पोहायला येत राहिले, पण चहा घाईने संपवून निघून जात.

महिन्याभराने सुहासिनीबाईंच्या शाळेत दहावीच्या मुलांसमोर भाषण ठेवलं गेलं. विषय, मनोबल. मुख्याध्यापकांनी गुरू म्हणून उत्तमसिंगलाही मंचावर बसवायचं ठरवलं. आदल्या दिवशी जेवताना सुहासिनीबाई नवऱ्याच्या पानात भाजी वाढून म्हणाल्या,

“गावाशी काय बोलायचं ते बोला. माझ्या मुलांशी खोटं बोलू नका.”

वामनराव जेवण टाकून उठले नाहीत, कारण उठले असते तर कुठे जायचं हे त्यांना कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात तीनशे मुलं. मंचावर धुतलेला पांढरा सदरा घालून उत्तमसिंग, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेला. वामनराव माइकपाशी गेले.  त्यांनी सांगितलं की मी ती स्पर्धा पूर्ण केलेली नाही. सातशे मीटरवर हात वर केला. पायात गोळा आला नव्हता. मला भीतीही वाटली नव्हती, मला नुसतं एकटं वाटलं आणि मी सोडून दिलं. मग महिनाभर तुम्हा सगळ्यांना फसवलं. मनोबलावर बोलायचा मला अधिकार नाही. एवढं बोलून ते थांबले आणि जे काय व्हायचं ते होऊ दे म्हणून उभे राहिले.

आणि टाळ्या पडल्या. आधी पुढच्या रांगेतून, मग सगळीकडून. मुख्याध्यापक गहिवरून माइकवर आले आणि म्हणाले की एवढं यश मिळवून स्वतःला अपयशी म्हणवून घेणं, मुलांना अपयशाची भीती वाटू नये म्हणून, याला म्हणतात विनय! वामनराव म्हणत होते की नाही हो, खरंच सांगतो. त्यावर आणखी टाळ्या. शाल पडली. ही दुसरी. सुहासिनीबाई भिंतीशी उभ्या होत्या, त्यांनी डोळ्यांना पदर लावला होता, आणि तो कशासाठी ते वामनरावांना विचारवलं नाही.

बाहेर सायकलींच्या शेडपाशी उत्तमसिंग जायला निघाला होता. वामनराव पळत गेले. या एका माणसाने तरी आपलं खरं मानलं असेल, आता हा चार शिव्या देईल आणि मग सुटलो, असं त्यांना वाटत होतं.

“उत्तमभाऊ, ते खरं होतं.”

“ठाऊक हाय जी मले. बावन मिनिटं म्हणले न तुमी, तवाच समजलं. तुमचा हात किती चालते ते मले नाई ठाऊक त कोनाले?”

“मग बोलले काहून नाही?”

उत्तमसिंगने सायकलचं स्टँड काढलं. राग नव्हता त्याच्या आवाजात, असता तर बरं झालं असतं.

“वाट पाहून राह्यलो होतो, साहेब. म्हणलं, मले त सांगतीनच. महिनाभर रोज सकाळी चहा मांडला. आज सांगतलं तुमी, तीनशे लेकरायले. मले एकट्याले नाई सांगू शकले.”

तो सायकलवर बसला आणि फाटकातून बाहेर पडला. वामनराव खांद्यावरची शाल तशीच ठेवून उभे राहिले. मागून दहावीची पोरं त्यांची सही घ्यायला येत होती.