परडीत आलेलं

मला मोठ्यानं बोलता येत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, तिथंही मी मागच्या बाकावरच. म्हणून हे कुणाला सांगत नाही, लिहून ठेवते.

लग्नाला काही वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि त्यातच माझी पाळी येईनाशी झाली. हनुवटीवर केस आले, ते मी पदरानं झाकायची. लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हार्मोन्स बिघडलेत, गोळ्या घ्या आणि भाकरी, भात, साखर जवळजवळ बंद करा. शेंगदाणे, जवस, दही, पालेभाजी खा. मी मान हलवली. पण आमच्या देवणीकडं माणूस भेटला की ‘भाकरी खाल्ली का’ असंच विचारतात. भाजी कितीही खाल्ली तरी मला जेवल्यासारखं वाटेना. डोकं हलकं व्हायचं, पायाखालची जमीन कापसासारखी लागायची. शेजारच्या चुलीवरच्या भाकरीचा वास पार झोपेत यायचा. हे पथ्य आईला, म्हणजे देवीला, मान्य आहे की तिनं दिलेलं अन्न मी लाथाडते आहे, हेच कळेना.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या वाईट नाहीत, भित्र्या आहेत. एकदा माझं ताट बघून म्हणाल्या, “भाकर ढकलून कुनाचं भलं झालंय, बाई? मंगळवारी पाच घरी जोगवा माग. परडीत पडंल ते देवीचं. ते मुकाट खायचं, मग डॉक्टरीन काय बी म्हनू दे.”

आमच्याकडं जोगव्यात पीठच घालतात, हे आत्यांना ठाऊक आणि मलाही. मी मनात ठरवलं, पीठ आलं की त्याची भाकरी खायची आणि पथ्य सोडून द्यायचं. खरं सांगते, पीठच यावं असं अर्धं मन म्हणत होतं. उरलेलं अर्धं मन मात्र दवाखान्यातल्या बाकावर बाळ घेऊन बसलेल्या बायांकडं बघत होतं.

मंगळवारी दिवेलागणीला कपाळभर कुंकू लावून निघाले. पहिल्या दारात उभी राहिले, पण तोंडातून आवाजच फुटेना. घरातली काकू बाहेर येऊन हसली. “अगं, जोगवा मागायला आलीस का मांजर हुडकायला? वरड की जरा!” मी कसंबसं म्हटलं, “जोगवा वाढा, माय.” काकू परडीकडं बघून ओशाळली. “पीठच न्हाई गं. गिरणीची मोटर जळली, सगळ्यांची दळणं तिथंच अडकलीत. रिकामी कशी धाडू?” आत जाऊन तिनं ओंजळभर जवस आणून घातला. दुसऱ्या घरी भुईमुगाच्या शेंगा मिळाल्या. तिसऱ्या घरी तीळ. चौथ्या घरी परसातली अंबाडीची भाजी, मुळासकट उपटलेली. दर दारात तेच, पीठ न्हाई गं. परडी भरत होती आणि मला आपण चालत नाही, कुणीतरी हात धरून नेतंय असं वाटत होतं. संध्याकाळचा धूर गल्लीत खाली उतरला होता. घरं त्यात तरंगल्यासारखी दिसत होती.

पाचवं दार मी चुकले. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि हाताला लागली ती चौकट धरून पुटपुटले, “जोगवा वाढा, माय.” दारात आली ती बांगड्या विकणारी खाला. मुसलमानाच्या दारात देवीचा जोगवा मागितला म्हणून मी घाबरून मागं सरले, तर तिनंच माझा दंड धरला. “अगं बेटी, जोगवा हाय का झोप हाय ही? बैस आधी!” तिनं मीठ घातलेलं ताक मला प्यायला लावलं. ते पोटात गेलं आणि हळूहळू गल्ली जागेवर आली, पाय माझे झाले. मग तिनं वाटीभर दही परडीत ठेवलं. म्हणाली, “पीठ न्हाई घरात. चालंल ना तुझ्या देवीला?” मी तिच्या पाया पडले.

घरी आले. आता आत्या काय म्हणतील याची धास्ती होती. त्यांनी परडीतलं एकेक उचलून बघितलं. दही कुणाकडचं ते मी सांगितलं. त्यांनी परडीला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि म्हणाल्या, “चल, जवस भाज. चटनी कुटू.” त्या रात्री दोघींनी तेच खाल्लं. सकाळची भाकरी उरली होती, ती त्यांनीही घेतली नाही.

गिरणीची मोटर जळली होती, हे मला माहीत आहे. पुढच्या आठवड्यात ती दुरुस्त झाली. मी पथ्य सोडलं नाही. ताकात मीठ घालून पिऊ लागले, चक्कर कमी झाली. गोळ्या चालूच आहेत. काही महिन्यांनी पाळी आली तेव्हा मी न्हाणीघरात बसून रडले. मूल अजून नाही.

जोगव्यात कुणी वस्तूचं नाव घेऊन मागत नाही. नुसती परडी पुढं धरायची असते. त्या मंगळवारी मी मनातल्या मनात पीठ मागत होते, आणि आईनं ते ऐकलं नाही. त्याबद्दल रोज तिच्यापुढं हात जोडते. मुलासाठीही आता नाव घेत नाही. नुसती परडी धरून उभी आहे.